वस्तीवरचा उन्हाळा: ऊन फुकट, पाणी मोजून

आमची वस्ती सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, दहिवडी-म्हसवड रोड सोडून आत, गावापासनं लांब रानात. भावकीची चार घरं, सामायिक एक विहीर, एक बोअर जी मार्च लागला की गुळण्या टाकायला लागते, आणि मागं डोंगर. लोकांना वाटतं उन्हाळ्यात शेतकऱ्याला सुट्टी, रब्बी निघाली, मृगाला टाईम आहे, मग दिवसभर करता काय, लिंबाखाली झोपता का. झोपतो की. बारा ते साडेतीन झोपावंच लागतं, नाहीतर माणूस टिकायचं नाही. पण पहाटे चारला जे उठतो ते दहापर्यंत आणि परत चारनंतर दिवेलागणीपर्यंत जे काम चालतं तेवढं मला वाटतं सुगीत पण नसतं, कारण वर्षभर ताटात जे काय येणार ते सगळं याच दिवसांत वाळून, कांडून, भरून बरणीत नाहीतर कोठीत जातं.

मी मूळची कराडकडची, उसातली. माहेरी पाटाला पाणी, घरात नळाला पाणी. माणात दिली म्हणून माझ्या मावशीनं लग्नातच डोळ्याला पदर लावला होता. आता उलटं झालंय, माहेरी गेले की नळ सोडून भांडी घासणाऱ्या वहिनीचा राग येतो, बोलत नाही एवढंच.

तर आधी पाण्याचं सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावर बसतं. आमच्याकडं पाऊस वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तो पण एकदम कोसळतो आणि निघून जातो. उरमोडी धरणाचं पाणी कालव्यानं माण-खटावला आलं, जिहे-कठापूरच्या योजनेत कृष्णेचं पाणी उचलून नेर तलावात आणि तिथनं बोगद्यानं आंधळी धरणात येतं, त्याच्या खालच्या लोकांचे दिवस पालटले, चांगलंच आहे. पण आमची वस्ती चढाला, तिथं अजून तरी काय आलेलं नाही. आमचं जे आहे ते पावसाचं अडवलेलं. २०१८ ला पानी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांच्या पाणी अडवायच्या स्पर्धेत, आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली, त्या उन्हाळ्यात सगळ्या तालुक्याला चर खांदायचं याड लागलेलं, आम्ही पण डोंगराला सलग समतल चर मारले, पहाटे पोरंसोरं, म्हातारीकोतारी सगळी टिकाव-घमेली घेऊन. आमच्या गावाला बक्षीस नाही मिळालं. पण फेब्रुवारीतच तळ दाखवणारी विहीर आता बऱ्या पावसाच्या वर्षी एप्रिल काढते, मला तेवढं बक्षीस बास झालं.

मार्चपासनं विहिरीच्या पायऱ्यांवर घर चालतं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी काठावरनं वाकून बघतात आणि तिथनंच हुकूम सुटतो. मधली रुंद पायरी उघडी पडली की परसातली वांगी-मिरची बंद. त्याच्या खालची कोच्याची पायरी दिसली की कपडे एक दिवसाआड. आणि तळाचा काळा दगड दिसला की टँकरचा अर्ज. अर्जाचं काय होतं आणि टँकर कधी येतो ते सांगत बसत नाही, त्यानं नुसतं बीपी वाढतं. आमची मोठी जनावरं चार, खिलार बैलजोडी, एक गाय, एक म्हैस, आणि शेरडं आठ-दहा. या दिवसांत एक मोठं जनावर ५०-६० लिटर पाणी सहज पितं, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे लिटर तर दावणीलाच गेलं, मग उरलेल्यात माणसं. त्यामुळं आमच्याकडं पाणी एकदाच वापरून टाकत नाहीत. डाळ-तांदूळ धुतलेलं म्हशीच्या आंबोणात. भांडी राखेनं घासतो, ते पाणी केळीला आणि अळूला. आंघोळीला दगडाची न्हाणी, तिचं पाणी चारीनं शेवग्याला, कढीपत्त्याला, पपईला जातं. शेवग्याला तर वेगळं पाणी म्हणून मी लग्न झाल्यापासनं दिलेलं नाही आणि शेंगा घरात खाऊन वाटायला उरतात.

गोबरगॅस आहे, दोन घनमीटरचा. सगळे म्हणतात गॅस फुकट, फुकट. शेण फुकट हो, पण त्याला ५० किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी, रोज. उन्हाळ्यात गॅस पण जोरात तयार होतो, थंडीतल्यासारखा रडत नाही, आणि नेमकं त्याच टायमाला पाणी नाही. आम्ही गोठ्यातलं गोमूत्र एका टाकीत उतरवतो आणि गोठा धुतलेलं पाणी त्यातच, ते शेण कालवायला वापरतो, नवीन पाणी अगदी थोडं. साबणाचं पाणी मात्र त्यात चालत नाही, आतले जिवाणू मरतात आणि मग गॅस बसतो. कोरडा कडबा खाऊन जनावरं शेण पण कमी टाकतात, म्हणून एप्रिल-मेमध्ये गॅसवर सकाळ-संध्याकाळचा स्वयंपाक तेवढा, मोठी कामं सगळी चुलीवर. त्यासाठी माघ-फाल्गुनात शेण्या लावून त्यांचा हुडवा, म्हणजे ढीग, रचून ठेवलेला असतो, वरनं शेणानं लिंपून. सिलेंडर एक आहे, पाहुणे अचानक आले तर. रेग्युलेटरवर धूळ बसलेली असते त्याच्या.

आता ऊन. माणात तेच एक मुबलक आहे बघा, पाण्यासारखं त्याला वाटणीचं भांडण नाही, लाईटबिल नाही, अर्ज नाही. सगळे त्याच्या नावानं खडे फोडतात, मी पण फोडते दुपारी, पण वर्षाचं धान्य याच उन्हानं टिकतं. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघाला, मळणी झाली की पहिलं काम त्याला ऊन दाखवायचं. अंगण शेणानं सारवून त्याच्यावर पातळ पसरायचा, दुपारी पायानं वळ ओढत उलटायचा. मामा, म्हणजे सासरे, दाणा दाताखाली धरून बघतात, कट्‌कन तुटला पाहिजे, दबला तर अजून एक ऊन. आणि तापलेला शाळू लगेच कोठीत भरायचा नाही, हे मला इथं आल्यावर कळलं. रात्रभर वाऱ्यावर गार होऊ द्यायचा आणि पहाटे भरायचा, कारण गरम दाणा पत्र्याच्या कोठीत बंद केला की आत घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. पूर्वी तुरकाट्यांची कणगी होती शेणानं लिंपलेली, ती श्वास घ्यायची, तिच्यात एवढं बघावं लागत नव्हतं. थराथरात लिंबाचा पाला, पण सावलीत वाळवलेला, हिरवा टाकला तर तोच ओल सोडतो. गव्हाला एरंडेलाचा हात फिरवायचा. मटकी-हुलग्याला चुलीची राख चाळून चोळायची, भुंगा लागत नाही. बियाण्याचं वेगळं, ते जाड कणसातलं निवडून मडक्यात, तोंडाला फडकं आणि वर शेणमातीचा लेप. ते मडकं भूक लागली तरी फोडायचं नाही अशी घरात समज आहे.

कडब्याच्या पेंढ्या मोजून गंज रचली जाते आणि तिथं मामा कुणाचं काही ऐकत नाहीत. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची जनावरं म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या चारा छावणीत होती, मामा तिथंच गोठ्याशेजारी पालात राहिले कितीतरी दिवस. तेव्हापासनं एक गंज शिल्लक ठेवल्याशिवाय ते एक पेंढी विकत नाहीत, भाव कितीही येऊ दे. आमचे हे चिडतात, म्हणतात पैसा अडकून पडतो. मामा उत्तरच देत नाहीत, पान लावत बसतात.

चैत्रात शिखर शिंगणापूरची महादेवाची यात्रा झाली, कावडी मुंगी घाट चढून गेल्या की मग बायकांच्या कामाला खरा जोर. आमच्या चार घरांचा पैरा असतो. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या, मजुरी कुणी कुणाला देत नाही, चहा आणि दुपारची भाकरी जिच्या घरी काम तिची. पैरा फेडायला कुणी चुकलं तर त्याची आठवण पुढच्या दिवाळीपर्यंत काढली जाते, त्यामुळं चुकत नाही कुणी.

कुरवड्यांचं सांगते, कारण ते सगळ्यात नाजूक काम. गहू आमच्याच विहिरीखालचा, थोडाच असतो. तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. आता हे पाणी बदलायचं म्हटलं की पाण्याचा हिशोब आलाच, पण काढलेलं आंबूस पाणी म्हैस आवडीनं पिते, म्हणून त्या दिवसांत तिच्या वाट्यातनं तेवढं कमी करायचं, एवढं साधं गणित. चौथ्या दिवशी गहू वाटायचा. पूर्वी पाटा, आता दहिवडीत ओलं दळून देतात पण जाण्या-येण्याचं पेट्रोल घालून काय उपयोग, आम्ही घरच्या मिक्सरवर थोडं थोडं काढतो, लाईट असली तर. मग फडक्यातनं पिळून चीक काढायचा, रात्रभर पातेल्यात निवळत ठेवायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतलं की खाली पांढराशुभ्र चीक बसलेला असतो, बोट घातलं तर घट्ट लागतो. राहिलेला चोथा शेरडांना आणि कोंबड्यांना. वाया काय म्हणाल तर काहीच जात नाही.

शिजवायचं पहाटे, अंधारात. मोठं पितळी पातेलं, आतून कल्हई केलेलं, चिकाच्या मापानं पाणी, मीठ, आणि पाणी खळाखळा उकळलं की एकीनं धार धरायची आणि दुसरीनं लाकडी दांडक्यानं हाटत राहायचं. इथं हात थांबला की गुठळी. आत्या चुलीपुढं पाटावर बसून जाळ सांभाळतात, शेणीचा जाळ कमी-जास्त करायला राखेत ढकलायची-ओढायची, हे काम त्या कुणाला देत नाहीत. चीक शिजत आला की दुधाळ रंग जाऊन काचेसारखा चकाकतो. आत्या बोट पाण्यात बुडवून पटकन चिकाला लावतात, चिकटला नाही तर झालं. "उतरा गं, आता इचार करू नका," की पातेलं खाली. मग सोऱ्या. चीक गरम असतानाच दाबायचा, गार झाला की सोऱ्या फिरत नाही आणि फिरला तरी कुरवडी तुटते. तळहाताला फडकं गुंडाळूनसुद्धा चटका बसतो. बाजेवर जुनी धुतलेली साडी ताणून बांधायची आणि त्याच्यावर एकसारख्या ओळीत गोल गोल पाडत जायच्या. शेजारच्या चुलत जाऊबाईंच्या कुरवड्या एवढ्या एकसारख्या पडतात की छापल्यात म्हणाल, माझ्या अजून वाकड्या. तळल्यावर सगळ्या सारख्याच फुलतात म्हणून मी मनावर घेत नाही.

ऊन चढायच्या आत सगळ्या बाजेवर पडल्या पाहिजेत. दुपारच्या उन्हात पाडलेली वरनं कडक होते आणि आतनं ओली राहते, मग पावसाळ्यात वास मारते. आणि दुसरं भ्या वावटळीचं. मे महिन्यात कुठनं भोवरा उठेल आणि सगळी माती कुरवड्यांवर आणून टाकेल सांगता येत नाही, म्हणून वरनं पातळ साडी टाचून ठेवायची. राखणीला पोरं. त्यांची मजुरी म्हणजे पातेल्याच्या बुडाचा गरम चीक, त्यावर दूध आणि गूळ. आमचा थोरला नववीत आहे, एरवी मोबाईलमधनं मान वर काढत नाही, पण चिकाच्या दिवशी न उठवता उठतो.

इथं एक सांगायचंय. दर उन्हाळ्याला कुणीतरी म्हणतंच, अगं एवढं छान करता तर ऑर्डरी घे की, पुण्याला घरगुती कुरवडी केवढ्याला जाते माहितेय का. माहितेय. पण भिजवणं, बदलणं, वाटणं, पिळणं, भांडी, सगळं धरून एवढ्याशा कुरवड्यांना किती कळश्या जातात ते मी मोजलंय. घरापुरतं परवडतं कारण ते पाणी फिरून म्हशीला, शेवग्याला जातं. पोत्यानं गहू भिजवायला लागले तर मी माणचं पाणी पुण्याला विकत असेन. सांडग्यांची ऑर्डर मी घेईन, त्याला पाणी जवळजवळ नाहीच. मटकी आणि हरभऱ्याची डाळ भिजवायची, जाडसर वाटायची, त्यात लसूण, जिरं, तिखट, मीठ, थोडा किसलेला कोहळा असेल तर, आणि बोटानं ताटलीवर टाकायचे. दोन उन्हात दगड होतात. भाजी नसलेल्या दिवशी थोड्या तेलात परतून आमटी केली की पाहुण्याला सुद्धा वाढता येतात. पण सांडगे कुणी मागत नाही, सगळ्यांना पांढरी कुरवडीच पाहिजे.

बटाट्याच्या वेफरवरनं आमच्यात दरवर्षी वाद. माझं म्हणणं, जे आपल्या रानात पिकतं किंवा फुकटात मिळतं तेच वाळवायचं. बटाटा विकत आणायचा, शिजवायला पाणी आणि जळण घालायचं, तळायला तेल, मग त्यापेक्षा दुकानातला पुडा काय वाईट. पोरांचं म्हणणं वेफर पाहिजेत. दरवर्षी पोरं जिंकतात. शेवया मात्र मी बंद केल्यात, मशीनवर तयार मिळतात आणि आमच्याकडं खीर कोण एवढी खातं.

तेल करडईचं. शाळूत पाटे टाकतो करडईचे, काटेरी असल्यामुळं जनावरं आत शिरत नाहीत, तेवढीच राखण. फलटणच्या निंबकर संस्थेनं बिनकाट्याचे वाण काढलेत, काढणीला ते बरे, हात सोलपटत नाहीत, पण मामा म्हणतात काटा नसला तर करडई लावून उपयोग काय. घाण्यावर नेऊन तेल काढून आणायचं, पेंड परत घेऊन यायची, ती म्हशीला. डब्यात तेल आठ-दहा दिवस गाळ बसायला ठेवायचं आणि वरचं नितळ काढून घ्यायचं.

चटणीचं काम वैशाखात. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, कांदा-लसणाचं. मिरची घरची थोडी असते, पण रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी विकत घ्यावीच लागते, खोबरं पण विकतचं, इथं स्वावलंबन संपतं आमचं. मिरच्या दोन-तीन कडक उन्हं खाल्ल्या की हातात खुळखुळ वाजतात, मग देठं खुडायची, हे काम पोरांना देऊ नये, डोळे चोळतात. कांदा उभा चिरून उन्हात मऊ होईस्तोवर वाळवून मग तळायचा, ओला तळला तर तेल पितो आणि चटणी लवकर खराब होते. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला, एकेक वेगळं भाजायचं कारण प्रत्येकाची आच वेगळी. सगळं डब्यात भरून गावात डंकावर, म्हणजे मिरची कांडायच्या गिरणीवर. तिथं बायकांची रांग, तोंडाला पदर, सगळ्या शिंकतायत आणि तशाच गप्पा मारतायत, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाच्या पोराला पोलीस भरतीत घेतलं, तालुक्याच्या सगळ्या बातम्या डंकावर कळतात. कांडणाऱ्याला सांगावं लागतं की मीठ शेवटी, आणि आमचा लसूण आधी नको, नाहीतर तो सगळ्यांना एकच पद्धत लावतो. घरी आणून पसरून गार करायची आणि चिनीमातीच्या बरणीत हाताच्या मुठीनं दाबून भरायची, तळाला एक आणि वर एक हिंगाचा खडा. दाबून भरली नाही तर मध्ये हवा राहते आणि जाळी धरते. लोणच्याचं वेगळं काय सांगू, बांधावरच्या गावरान आंब्याच्या कैऱ्या, सगळे करतात तसंच.

जेवण मात्र उन्हाळ्यात हलकं. सकाळी भाकरी आणि खर्डा, दुपारी ताकातल्या जोंधळ्याच्या कण्या नाहीतर आंबील. आंबिलीचं पीठ रात्रीच ताकात भिजवायचं, सकाळी शिजवून माठाशेजारी ठेवायची, दुपारी वरनं कच्चा कांदा आणि चिमूटभर जिरेपूड. पोरीला, म्हणजे धाकटीला, ती आवडत नाही, तिला रसना पाहिजे असतं. ओली भाजी बंद झालेली असते तेव्हा थंडीत खुडून वाळवलेली हरभऱ्याची भाजी बाहेर निघते, लसणाची फोडणी आणि थोडं डाळीचं पीठ लावून घट्टसर केली की दोन भाकरी जास्त जातात. हीच भाजी थंडीत रानात नुसती वाया जाते लोकांची, खुडली की हरभरा फुटवा पण चांगला धरतो, तरी कुणी खुडत नाही आता.

दुपारी घरात बसवायचं म्हणजे पत्र्याचं घर, भट्टी. पत्र्यावर बाजरीचं सरमाड पसरून टाकतो जाडसर, त्याच्यावर जुन्या टायरी, उडू नये म्हणून. आतमध्ये चांगलाच फरक पडतो. बाहेर लिंबाखाली तर पंख्याची गरजच नाही. शेरडं पण तिथंच, कोंबड्या पण तिथंच, मामांची बाज पण तिथंच.

मेच्या मधल्या आठवड्यात थोरले दीर-जाऊबाई येतात तमिळनाडूवरनं. ते गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायचं काम, आमच्या भागातली कितीतरी माणसं त्यासाठी पार देशभर पांगलीत. त्यांची पोरं आपसात तमिळ बोलतात आणि आत्यांशी मराठी, आत्या दोन्हीला "व्हय व्हय" म्हणतात. आधी मला वाटायचं ही मंडळी आली की पाणी वाढलं, काम वाढलं. पाणी वाढतं हे खरं, पण हात पण वाढतात. थोरल्या जाऊबाई एवढी वर्षं तिकडं राहून भाताचे सांडगे आणि ताकात मुरवून वाळवलेली मिरची करायला शिकल्यात, आता आमच्या वस्तीवर चारी घरात तशी मिरची होते. दीर भाऊजी आल्याआल्या विहिरीत उतरतात. गाळ काढायचं काम तेव्हाच, पाणी तळाला असतं म्हणून. आमचे हे, दीर, चुलत दीर आणि पोरं, खाली दोघं घमेलं भरणार, वर बाकीचे रहाटानं ओढणार. निघालेला गाळ वाया घालवत नाहीत, परसात आणि खडकाळ तुकड्यावर पसरतात, मागच्या खेपेला जिथं टाकला तिथं घेवडा चांगला आला. जायच्या वेळेला त्यांच्या गाडीत शाळूचं पीठ, सांडगे, कुरवड्या, चटणीचे डबे, तुपाची बरणी, एवढं भरतं की मागच्या सीटवर पोरांना पाय ठेवायला जागा नसते. तसं बघितलं तर आमच्या उन्हाळ्याच्या कामातला निम्मा माल तमिळनाडूत आणि पुण्यात खपतो, फक्त त्याचे पैसे कुणी देत नाही. पण गेल्या दिवाळीत बोअरची मोटर जळली तेव्हा फोन केल्याबरोबर दीर भाऊजींनी पैसे टाकले, सकाळी फोन, दुपारी पैसे.

पूर्ण स्वावलंबी वगैरे आम्ही नाही, कुणी तसं म्हटलं की मला हसू येतं. चहा, साखर, मीठ, खोबरं, डिझेल, औषधं, पोरांच्या फिया, मोबाईलचा रिचार्ज, हे सगळं रोख. रोख येते शेरडातनं, थोडं तूप, अंडी, आणि यांच्या वायरमनकीच्या कामातनं. फक्त एवढं आहे की किराणावाल्याकडं आमची उधारी नसते, आणि महिनाभर कुणाला काम मिळालं नाही तरी चूल पेटते.

रोहिणी निघाल्या की वळवाची वाट. तेव्हा मी सगळं वाळवण दुपारी चारलाच आत घेते, आभाळ असो नसो. न्हाणीच्या बाजूच्या पत्र्याला पन्हळ लावलेली आहे, पत्रा साधारण सहाशे स्क्वेअर फूट, एक इंच पाऊस झाला तर चौदाशे लिटरच्या आसपास पाणी होतं, थोडं इकडं तिकडं गेलं तरी हजार-बाराशे टाकीत येतं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्यायचं, त्यात पत्र्यावरची सगळी घाण असते, आणि सरमाड त्याच्या आधी उतरवलेलं पाहिजे, नाहीतर टाकीत चहासारखं पाणी. यंदा पहिला वळीव रात्री आला, विजा एवढ्या की शेरडं दावं तोडायला लागली, आणि आत्या पदर डोक्यावर घेऊन पन्हळीपाशी उभ्या, "बादल्या लावा, बादल्या लावा, टाकी भरली तरी बादल्या लावा." घरातली सगळी भांडी अंगणात मांडली, कुकर सुद्धा. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी डोक्यावरनं आंघोळ केली, थोरल्यानं तर दोनदा.

आता नांगरट झालेली आहे, धसकटं वेचून झालीत, उकिरड्यातलं खत ओढायचं चाललंय. मटकी-हुलग्याचं बी मडक्यातलं आहे, बाजरीचं मात्र संकरित विकत आणतो, घरचं बी कणीस लहान देतं. उद्या दहिवडीला जायचंय बी आणायला, येताना पोरांच्या वह्या आणि चहा पावडर.